ठणका थांबतो तेव्हा : दंतमूलातील जंतुसंसर्ग आणि आपली चिकित्सा

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात मुखरोगांची संख्या ६५ सांगितली असून त्यांपैकी १५ दंतमूलगत व ८ दंतगत आहेत. वाग्भटाचार्यांची गणना थोडी निराळी आहे. ही संख्या आपल्यापैकी प्रत्येकाने परीक्षेसाठी पाठ केलेली असते आणि पदवी हाती पडल्यावर बहुधा तिचे पुढे काही होत नाही. गाल धरून बसलेला रुग्ण समोर आला की त्या तेवीस व्याधींपैकी नेमका कोणता, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. लवंगतेलाचा बोळा, एखादी वेदनाशामक गोळी, त्रिफळा गुग्गुळ आणि मंजनाची डबी एवढ्यावर काम भागते. चार दिवसांनी रुग्ण हसतमुखाने येतो आणि 'डॉक्टर, गुण आला' असे सांगतो.

प्रस्तुत लेखाचा विषय हा 'गुण' आहे. दातदुखीमध्ये आपल्या पदरी पडणाऱ्या यशाचा मोठा भाग हा औषधाचा परिणाम नसून दाताच्या गाभ्याचा मृत्यू असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. हे विधान काही वैद्यबंधूंना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. म्हणून ते कशाच्या आधारावर करीत आहे, ते थोडे विस्ताराने मांडतो.

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या आत डेंटिनचा थर आणि त्याच्याही आत मृदू गाभा. या गाभ्यात रक्तवाहिन्या व संज्ञावाहक तंतू असतात आणि ते मुळाच्या टोकाशी असलेल्या अतिसूक्ष्म छिद्रातून आत येतात. डेंटिन दिसायला भरीव असले तरी त्यात असंख्य सूक्ष्म नलिका असतात. त्यांचा व्यास साधारण एक ते दोन मायक्रॉन असतो, तर मुखातील पुष्कळशा जिवाणूंची जाडी त्याहूनही कमी असते. म्हणजे इनॅमल एकदा किडले की पुढची वाट जिवाणूंसाठी तयारच असते.

हे जिवाणू बाहेरून येत नाहीत, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. विषमज्वराचा जंतू दूषित पाण्यातून येतो, क्षयाचा दुसऱ्याच्या खोकल्यातून येतो. परंतु दाताच्या मुळाशी पू करणारे जंतू हे आपल्याच मुखाचे रहिवासी असतात. निरोगी माणसांच्या मुखांत मिळून सुमारे सातशे जातींचे जिवाणू आढळल्याची नोंद आहे. जिभेवर, हिरड्यांच्या कडेला, दातांच्या फटींत ते एरवी फारसा उपद्रव न करता राहतात. त्यांतील स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लाने इनॅमल विरघळते. वाट उघडली की गाभ्यात शिरणारी मंडळी मात्र हळूहळू बदलत जाते. प्राणवायू संपतो तसतसे प्राणवायूविना वाढणारे फ्युसोबॅक्टेरियम, प्रिव्होटेला, पॉर्फिरोमोनास हे जिवाणू वरचढ होतात. तोंडाला येणारी विशिष्ट दुर्गंधी पुष्कळदा त्यांचीच असते.

हे जंतू कारण आहेत की नुसते सोबती, हा प्रश्न फार काळ वादात होता. त्याचा निर्णय १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनली व फिट्झजेराल्ड यांनी उंदरांवर केलेल्या एका अत्यंत साध्या प्रयोगाने लावला. काही उंदीर नेहमीसारखे वाढविलेले, तर काही जन्मापासून पूर्णतः निर्जंतुक वातावरणात वाढविलेले. दोन्ही गटांच्या दाढांना भोक पाडून गाभा उघडा केला आणि तसाच सोडून दिला. पहिल्या गटात गाभा सडला, मुळाशी पू झाला. दुसऱ्या गटात अन्नाचे कण त्या भोकात अडकूनही गाभा जिवंत राहिला आणि त्यावर नवीन डेंटिनचा पडदा धरला. इजा तीच, अन्न तेच. अंतर केवळ जंतूंचे. पुढे १९७६ साली स्वीडनमध्ये सुंडक्विस्ट यांनी मार लागून गाभा मेलेले, परंतु वरून अखंड दिसणारे ३२ दात तपासले. त्यांतील १९ दातांच्या मुळाशी हाड झिजलेले होते आणि त्या १९ पैकी १८ दातांत जिवाणू सापडले. ज्यांच्या मुळाशी हाड शाबूत होते त्या दातांत मात्र ते सापडले नाहीत. गाभा मेला एवढ्यानेच मुळाशी व्याधी होत नाही. मेलेल्या गाभ्यात जंतूंनी घर केले म्हणजे होतो.

आता औषधाच्या प्रश्नाकडे वळू. शरीरात इतरत्र शोथ झाला तर त्या जागेला फुगायला वाव असतो. दाताचा गाभा चहूबाजूंनी दगडासारख्या भिंतींत कोंडलेला आहे. आत सूज आली की दाब वाढतो आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या त्या अरुंद छिद्रातून येणारा रक्तपुरवठा हळूहळू आवळला जातो. रात्री आडवे झाल्यावर ठणका वाढतो, गरम चहाने जीव जातो आणि गार पाण्याची चूळ तोंडात धरली की थोडे बरे वाटते, असे सांगणारा रुग्ण या अवस्थेत असतो. त्यानंतर एके दिवशी ठणका एकाएकी थांबतो, कारण दुखण्याची जाणीव करून देणारे तंतूच मेलेले असतात. नेमक्या याच काळात आपले औषध चालू असते. रुग्णाला वाटते औषध लागू पडले, आणि आपल्यालाही तसेच वाटते.

गाभा मेल्यानंतर त्या नलिकेत रक्ताभिसरण उरत नाही. पोटात घेतलेले कोणतेही औषध रक्तावाटेच तिथवर पोहोचायचे. रक्तच नाही तर औषध जाणार कसे? हा नियम अॅमॉक्सिसिलिनला लागू आहे, तसाच तो गंधक रसायनालाही आहे. शिवाय हे जंतू सुटे तरंगत नसतात, तर नलिकेच्या भिंतीला चिकट थर करून राहतात व त्या थरात ते औषधांना अनेक पटींनी दाद देईनासे होतात. जंतुनाशक गोळ्यांनी मुळाबाहेरील सूज उतरते हे खरे, परंतु साठा आत तसाच राहतो आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तोंड वर काढतो. आपल्या औषधांचा कैवार घ्यावयाचा म्हणून 'आमचे औषध मात्र तेथवर पोहोचते' असे म्हणणाऱ्यांनी ते कोणत्या मार्गाने पोहोचते हे स्रोतसांच्या भाषेत तरी सांगावे.

या पुनःपुन्हा उलटणाऱ्या व्याधीचे एक उदाहरण देतो. तासगाव बाजूचे एक द्राक्षबागाईतदार हनुवटीखालच्या व्रणासाठी विश्रामबागेत माझ्याकडे आले. वय पन्नाशीचे, मधुमेह सात-आठ वर्षांचा. हनुवटीखाली हरभऱ्याएवढी पुळी, तिच्यातून मधूनमधून लस यायची, खपली धरायची, पुन्हा फुटायची. दोन वर्षांत तीन-चार ठिकाणी औषधे झाली होती. मलमे, जंतुनाशक गोळ्यांचे क्रम, रक्तशोधक काढे, एकदा शस्त्राने फोडूनही झाले होते. दात दुखतो का, असे विचारता त्यांनी ठामपणे नाही म्हटले. 'पूर्वी कधी दुखला होता का', असे विचारल्यावर चार वर्षांपूर्वी आठवडाभर पुढचा खालचा दात फार ठणकला होता आणि गावातल्या औषधाने 'मुळापासून' बरा झाला होता, असे कळले. तो दात राखट पडलेला होता. क्ष-किरण चित्रात त्याच्या मुळाच्या टोकाशी हाडात वाटाण्याएवढी पोकळी दिसली. दंतवैद्याकडे त्या दाताचे रूट कॅनाल झाल्यावर हनुवटीवरचा व्रण काही आठवड्यांत कोणत्याही मलमाशिवाय भरून आला.

ही दंतनाडी होय. तिचे मुख हिरडीवर असले की ती ओळखू येते, त्वचेवर असले की त्वग्रोग म्हणून फिरत राहते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील बाविसाव्या अध्यायात तिचे जे वर्णन आहे ते पुन्हा एकदा मुळातून वाचावे, अशी माझी विनंती आहे. ज्या दाताशी नाडी संबद्ध असेल तो दात काढावा, मांस छेदून शोधन करावे, क्षाराने वा अग्नीने दहन करावे. दाताची उपेक्षा केल्यास ती गती हनूचे अस्थी भेदते, म्हणून दात समूळ काढावा व भग्न अस्थीही काढावे, असा तेथील आशय आहे. वरच्या ओळीतील दात हलत असला तरी काढू नये असेही आचार्य बजावतात, कारण अतिरक्तस्राव होऊन घोर उपद्रव होतात. त्या काळातील साधने पाहता हा सावधपणा योग्यच होता. लोध्र, खदिर, मंजिष्ठा व यष्टिमधु यांनी सिद्ध केलेले तेल येते ते शोधनाच्या जोडीने. आधी मूळ, मग तेल. आपण मात्र शस्त्र-क्षार-अग्नी गाळून तेवढे तेल उचलले आहे.

क्रिमिदंताचेही तसेच. वाग्भटाचार्य किडीची पोकळी गूळ किंवा मेण भरून दग्ध करावयास सांगतात, सप्तपर्ण व रुईच्या चिकाने भरावयासही सांगतात. आजच्या दृष्टीने साधने ओबडधोबड वाटतील. परंतु पोकळी मोकळी ठेवू नये, आतला दोष जाळावा आणि तोंड बंद करावे हा क्रम पाहिला तर दंतवैद्य आज रूट कॅनाल करताना जे करतात, त्याच्या दिशेनेच तो जातो. तेही आतला सडका गाभा काढतात, नलिका जंतुनाशक द्रवाने धुतात आणि घट्ट भरून बंद करतात. भरण्याच्या द्रव्यांत झिंक ऑक्साइड व युजेनॉल हे मिश्रण कित्येक दशके वापरात आहे, आणि युजेनॉल म्हणजे आपल्या लवंगतेलातील मुख्य घटक, हे सर्वांना ठाऊक आहेच.

एवढ्यावरून 'क्रिमी म्हणजेच जिवाणू, आमच्या आचार्यांना सर्व ठाऊक होते' असा निष्कर्ष काढण्याची आपल्यातील काहींना घाई असते. मला ती पटत नाही. मुखातील सूक्ष्म जीव प्रथम पाहिले ते लेव्हेनहुकने, १६८३ साली, दातांवरचे किटण भिंगाखाली धरून. दातात प्रत्यक्ष किडा असतो ही समजूत तर जगभर होती. युरोपात खुरासनी ओव्याच्या बियांची धुरी देत आणि उष्णतेने फुटलेल्या बियांतून निघालेले अंकुर 'किडे' म्हणून दाखवीत. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन कीड पाडणारे अजूनही बाजाराच्या गावी भेटतात. आचार्यांचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शक देण्याचे कारण नाही. नाडी जेथून निघते ते स्थान शुद्ध झाल्यावाचून ती भरत नाही, हे त्यांनी केवळ निरीक्षणाने ओळखले.

येथे अधिकाराचा प्रश्न उपस्थित होईल. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने पदव्युत्तर शिक्षणाच्या विनियमांत दुरुस्ती करून शल्याच्या ३९ व शालाक्याच्या १९ शस्त्रकर्मांची यादी प्रसिद्ध केली. तीत दात काढणे व रूट कॅनाल यांचाही समावेश होता. त्यावर आधुनिक वैद्यकाच्या संघटनांनी ११ डिसेंबर २०२० रोजी देशव्यापी बंद पाळला. आपल्या बैठकांतून त्या यादीचे स्वागत झाले आणि ते स्वाभाविक होते. परंतु ती यादी शालाक्यतंत्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आहे. माझ्यासारख्या केवळ बी.ए.एम.एस. झालेल्या वैद्यासाठी नाही. अधिकारासाठी हिरिरीने बोलणारा आपला वर्ग प्रत्यक्ष चिकित्सालयात रुग्णाचे तोंड उघडून आरसा आत घालतो का, दातावर हलकेच ठोकून पाहतो का, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. जिव्हापरीक्षेसाठी तोंड उघडावयास सांगतोच; आणखी अर्धा मिनिट पुरे होतो.

आपले खरे सामर्थ्य वाट उघडण्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे. जंतू मुखातलेच आहेत, म्हणून त्यांची संख्या आटोक्यात ठेवणे हे दिनचर्येचे काम. दंतधावन, जिव्हानिर्लेखन, गंडूष, कवल यांचा उपदेश आपण करतो, पण तो औषधाच्या चिठ्ठीवर शेवटी, उरलेल्या जागेत लिहितो. तिळतेलाच्या गंडूषाने लाळेतील स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सची संख्या घटल्याचे लहान प्रमाणावरील भारतीय अभ्यासांत आढळले आहे. मात्र गंडूष दाताच्या पृष्ठभागावर काम करतो. मुळाच्या नलिकेत तो उतरत नाही. पू झालेल्या दाढेला गंडूष सांगणे म्हणजे घराच्या आत आग लागली असता अंगणात सडा घालण्यासारखे आहे.

आपल्या सांगली-सातारा भागात मिश्रीचा विचार याच ओघात करावा लागेल. भाजलेली तंबाखू दातांना लावणाऱ्या स्त्रिया अजूनही खेडोपाडी आहेत आणि 'मिश्री लावली की दाढ दुखत नाही' असे त्या सांगतात. ठणका दबतो म्हणून सवय लागते, हिरड्या मागे सरकतात, मुळे उघडी पडतात आणि उघड्या मुळावर इनॅमलचे संरक्षण नसल्याने जंतूंना आणखी एक दार मिळते. मुखकर्करोगाचा धोका निराळाच. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ती उचलून धरली, हे औषधनिर्मात्यांस आठवत असेलच. चुलीवर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीवर कायद्याचा हात पोहोचत नाही. ते काम आपल्याच तोंडच्या शब्दाने व्हायचे आहे.

जंतुनाशकांविषयी थोडक्यात. आपल्यापैकी अनेकजण अॅमॉक्सिसिलिन व मेट्रोनिडॅझॉल लिहितात, औषध दुकानदार चिठ्ठीवाचूनही देतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, प्रकृतीने धडधाकट प्रौढाच्या दाताचा गाभा दुखत असेल वा मुळाशी मर्यादित पू असेल आणि दातावर प्रत्यक्ष उपचार उपलब्ध असेल, तर बहुतेक प्रसंगी जंतुनाशक देऊ नये. ज्वर, पसरत जाणारी सूज, जबडा न उघडणे ही लक्षणे असतील तेव्हा त्यांची गरज असते. त्यातही खालच्या दाढेनंतर जिभेखाली व हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी कठीण सूज आली, गिळता येईना, आवाज बदलला, तर एक क्षणही न दवडता रुग्णाला मोठ्या रुग्णालयात धाडावे. श्वासमार्ग बंद होऊन मृत्यू येऊ शकतो. अशा रुग्णाला लेप लावून सकाळपर्यंत थांबवणे अक्षम्य आहे.

याच्या उलट टोकाचा एक समज अलीकडे मोबाइलवरील संदेशांतून फिरतो, आणि खेदाने सांगावे लागते की आपले काही वैद्यही तो पुढे धाडतात. रूट कॅनाल केलेला दात म्हणजे मुखात बाळगलेले प्रेत, त्याने कर्करोग होतो, असे त्यात म्हटलेले असते. ही कल्पना नवी नाही. १९१० साली मॉन्ट्रियल येथे विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने मुखातील पूतिभाव हे अनेक रोगांचे मूळ असल्याचे प्रतिपादन केले आणि पुढची दोन-तीन दशके संधिवातापासून मनोविकारापर्यंत सर्वांसाठी लोकांचे चांगले दात उपटले गेले. संधिवात काही हटला नाही आणि ती लाट ओसरली. मधुमेह व हिरड्यांचा रोग यांचा परस्परसंबंध आज मान्य आहे, दूषित हृदयझडपांवर मुखातील स्ट्रेप्टोकॉकस बसतात हेही सिद्ध आहे. पण त्यातून निघतो तो दाताच्या वेळेवर शुद्धीचा आग्रह, दंतवैद्याची भीती नव्हे.

खर्चाचा मुद्दा रुग्ण काढतात आणि तो खोटा नाही. रूट कॅनाल व त्यावरील टोपी मिळून शेतमजुराच्या कुटुंबाला जड जाते. आपल्याकडे सांगली-मिरज रस्त्यावर भारती विद्यापीठाचे आणि कवलापूर येथे वसंतदादा पाटील यांच्या नावाचे, अशी दोन दंत महाविद्यालये आहेत. महाविद्यालयीन रुग्णालयांत खासगी दवाखान्यांच्या मानाने खर्च कमी येतो, वेळ थोडा अधिक जातो. ज्याला तेही शक्य नाही त्याचा दात काढून घेणे हा सुश्रुतसंमत मार्ग आहेच. चिठ्ठी देताना दात कधी ठणकला, केव्हा थांबला, मधुमेह वा हृदयविकार आहे का, रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू आहेत का, आणि आपण काय दिले, एवढे चार ओळींत लिहून दिले तर समोरचा दंतवैद्यही ती आदराने वाचतो, असा माझा अनुभव आहे.

औषधनिर्माते व विक्रेते यांच्यासाठी एक सूचना आहे, आणि ती आपल्या संघटनेने पुढे न्यावी असे मला वाटते. लवंगतेलाच्या बाटलीवर व दंतमंजनाच्या डबीवर 'दातदुखीवर गुणकारी' असे ठळक छापलेले असते. त्याखाली आणखी एक ओळ त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी : 'ठणका दोन दिवसांत न थांबल्यास, तसेच तो एकाएकी थांबल्यासही, दात तपासून घ्यावा.' याने तेलाचा खप घटेल अशी शंका एका विक्रेत्या मित्राने बोलून दाखविली. माझ्या मते घटणार नाही. आणि थोडा घटला, तरी ओळ छापावीच.